फणस उतरला तर आम्हीही उतरू

मे महिना लागला की लोकांना आंबे आठवतात, मला राग येतो. पासष्टी जवळ आली, रक्तदाबाची गोळी चालू आहे, चिडायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं आहे. तरी शहापूरच्या आमच्या घराच्या पत्र्यावर दुपारचं ऊन तडतडायला लागलं की माझ्या कपाळाची शीर उडते. सून म्हणते, "आई, उकाड्यानं होतं तसं." मी तिला हो म्हणते, कारण तिला सगळं सांगत बसायचं तर दुपार जाईल आणि चहा राहील. पण उकाड्यानं होत नाही. उकाडा मी जन्मभर काढला. मला ज्याचा राग येतो ते आमच्या घरात विनोद म्हणून सांगितलं जातं, आणि हसायला मलाही बसवतात.

आमचं घर तेव्हा शहापूरच्या बाहेर, भातशेतांच्या कडेला होतं. मातीच्या भिंती, तीन खोल्या, पुढं सारवलेलं अंगण आणि मागं फणसाचं एक झाड. बाबा शहापूरच्या एका भातगिरणीत कामाला. संध्याकाळी ते यायचे तेव्हा भुवया कोंड्यानं पांढऱ्या झालेल्या असायच्या आणि त्यांच्या आधी त्यांचा खोकला घरात शिरायचा. तो खोकला ऐकला की आय चुलीतलं लाकूड पुढं सारायची, माझा मोठा भाऊ दिनू पाटी काढायचा, आणि मी उगाच झाडू हातात घ्यायची. मारकुटे नव्हते बाबा. पण त्यांचं म्हणणं खाली पडलेलं त्यांना खपत नसे. सूर्य पूर्वेला उगवतो हे आयनं आधी म्हटलं, तर ते पश्चिमेकडं बघून खात्री करून घेतील, असा माणूस.

मेमध्ये अंगणभर तांदळाचे पापड आणि फेण्या वाळत पडायच्या. आय पहाटे चिकाचं पातेलं उतरवायची. तो गरम चीक वाटीत घालून वर मीठ-तेल टाकून आम्हाला द्यायची. त्या चिकाची चव आज कुठल्या हॉटेलात मिळत नाही, आणि मिळाली तर मी तिथं जाणार नाही, कारण ती चव फुकटच हवी. मग दिवसभर कावळे हाकलायचं काम माझं. दिनूचं काम खेळणं. दिनू बारा वर्षांचा, मी दहाची, आणि आमची छबी दोन वर्षांची, सदा आयच्या कडेवर. आळीतली पोरं जमली की आमचा मोठा खेळ एस्टी-एस्टीचा. गाईचं जुनं दावं गाठ मारून गोल करायचं, आत सगळ्यांनी उभं राहायचं आणि अंगणातून विहिरीपर्यंत पळायचं. पुढं दिनू, ड्रायव्हर. मागं शेजारचा कुणीतरी, कंडक्टर. आणि मी? मी घंटी. कंडक्टरनं माझी वेणी ओढायची आणि मी "टिंग" म्हणायचं. एकदा ओढली की गाडी थांबा, दोनदा ओढली की चला. मी एकदा म्हटलं, मला ड्रायव्हर व्हायचंय. दिनू म्हणाला, "येडी का गो तू? घंटी कुठं गाडी चालवते?" सगळे हसले. मी त्याच्या दंडाला चावले. मार मला बसला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घंटी झाले, कारण दुसरं काही व्हायची सोयच नव्हती.

आयचं माहेर मुरबाड तालुक्यात, म्हशाच्या अलीकडं. त्या वर्षी धाकट्या मामाचं लग्न निघालं. एरवी बाबा सासुरवाडीला जायचं टाळत, पण लग्नाला जावयाचा मान असतो, तो ते कसा टाळतील? आय म्हणाली, "पहिल्या गाडीनं निघू, ऊन व्हायच्या आत पोचू." म्हणजे ती गाडी चुकणार हे तिथंच ठरलं. बाबांनी दाढी केली, मग टोपीला नीळ कमी पडली म्हणून ती पुन्हा धुवायला लावली, मग मागं जाऊन फणसाच्या झाडाखाली उभे राहिले. एकेका फणसावर टिचकी मारून, कान लावून, त्यांनी अखेर एक उतरवला. आयच्या माहेरी स्वतःची तीन फणसाची झाडं होती. तिनं तसं हळूच म्हटलंही. "त्यांच्या फणसाला आपल्या फणसाची सर नाय," बाबा म्हणाले. पुढं बाबा दर लग्नात या प्रवासाची गोष्ट सांगत, आणि तिच्यात हा फणस किलोनं वाढत गेला. आता तो चोवीस किलोवर पोचलाय. तेव्हा तो दहा-अकराचा असेल, आणि तेवढाही डोक्यावर घेतला की मान बसते.

प्रवासाचे बाबांचे कायदे होते. पाण्यानं भरलेला फिरकीचा तांब्या त्यांच्याच हातात राहायचा, आणि घरातली एकुलती छत्रीही. उन्हात चालताना पाणी प्यायचं नाही, बाधतं. पोरींनी तर मुळीच नाही, कारण मग त्यांना मध्येच झाडामागं जावं लागतं. हे सगळं ते इतक्या ठामपणे सांगत की मी मोठी होईपर्यंत मला ते शाळेच्या पुस्तकात छापलेलं असावं असं वाटायचं. मुरबाडपर्यंतची एस्टी ठीक गेली. आयनं भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी सोडली, तशी पुढच्या बाकावरची बाई नाकाला पदर लावून बसली, आणि थोड्या वेळानं तिनंच मागं वळून चटणी मागून घेतली. मुरबाडला गाडी बदलली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. छबी किरकिर करायला लागली होती. तिचं अंग तेव्हाच कढत लागत होतं, मी हात लावून पाहिलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही, कारण आपल्या सगळ्यांचंच अंग कढत आहे असं मला वाटलं.

म्हशाच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. फणस बाबांनी दोन बाकांच्या मध्ये ठेवला. त्याच्या देठातून चीक गळत होता, आणि गळता गळता तो एका गृहस्थाच्या पांढऱ्या पायजम्याला लागला. गृहस्थ ओरडला. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, पण बोलला नीटच. "काका, फणस टपावर टाका. गाडी थांबवतो मी."

"टपावर? खाली पडून फुटला तर भरून देशील?"

"मग तिथं तरी ठेवू नका. लोकांचे कपडे खराब होतात."

"लग्नाचा फणस हाय हा. माझ्या मेव्हण्याचं लगीन हाय."

"लग्न असू दे नाहीतर बारसं. टपावर टाका, नाहीतर उतरवा."

बाबा उभे राहिले. सगळी गाडी त्यांच्याकडं बघत होती, आणि हेच वाईट झालं. माझे बाबा बघणाऱ्यांसमोर कधी मागं हटलेले मी पाहिले नाहीत. "फणस उतरला तर आमी पन उतरू!" ते म्हणाले. आयनं त्यांचा सदरा ओढला. म्हणाली, "अहो, ठेवा ना टपावर, पोरीला बरं नाय." ते तिच्याकडं बघेचनात. कंडक्टरनं एकदा बाबांकडं पाहिलं, एकदा छबीकडं. त्याची मर्जी नव्हती, मला दिसलं. पण बाबा दारापर्यंत पोचलेही होते. त्यानं दोरी ओढली. एक टिंग. आम्ही उतरलो. दोन टिंग. गाडी गेली. घंटीचा अर्थ माझ्याइतका कुणाला ठाऊक होता?

त्या रस्त्यावर आज दोन्ही बाजूंनी फार्महाउसच्या पाट्या आहेत. तेव्हा काही नव्हतं. दोन्हीकडं वाळलेली भातशेतं, पेरणीआधी राब भाजून काळे पडलेले शेतांचे तुकडे, आणि टेकडीवर पान नसलेले साग. सावली म्हणाल तर बाबांच्या छत्रीची. ते पुढं निघाले, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तांब्या. "दिन्या, छत्रीत ये," म्हणाले. दिनू गेला. आयच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फणस, कडेवर छबी. लग्नाच्या कपड्यांचं बोचकं माझ्याकडं. डांबर वितळलं होतं. माझ्या चपलेचा अंगठा त्यात अडकून तुटला, मग मी एका पायात चप्पल आणि एक पाय कडेच्या फुफाट्यात अशी चालले. आयनं पहिल्यांदा पाणी मागितलं तेव्हा बाबा वळलेही नाहीत. "चालताना पिऊ नये. पोचल्यावर पी." दुसऱ्यांदा ती म्हणाली, "मला नको, पोरीला द्या." "घामेजलीय ती. आता दिलं तर सर्दी व्हईल." छबी घामेजलेली नव्हती. तिचा घाम केव्हाच थांबला होता, आणि तेच तर भय होतं. पण हे कळायला मला पुढं तीस वर्षं आरोग्य केंद्रात नोकरी करावी लागली.

रस्त्याकडेला एक आंबा होता. आय त्याच्याखाली गेली, वाकून फणस उतरवला आणि खाली बसली. "मी नाय येत," म्हणाली. आवाज चढवला नाही. दमले असंही म्हणाली नाही.

बाबा थांबले. "काय म्हनलीस?"

"मी नाय येत. तांब्या ठेवा हितं आन् जा तुमी."

तांब्या ठेवला असता तर ही गोष्ट मी लिहिलीच नसती. पण बायकोनं मागितलं आणि दिलं, असं झालं असतं ना ते! "बस मग," बाबा म्हणाले, "बघतो किती येळ बसतेस." आणि चालू लागले. दिनू एकदा मागं वळून हसला. रस्ता वळला, छत्री दिसेनाशी झाली. आय आपल्यामागून येईल याची त्यांना इतकी खात्री होती की ते पार लग्नघरापर्यंत मागं न बघता गेले, हे नंतर थोरल्या मामानं सांगितलं. मागं बघणं म्हणजे हरणं.

आता माझी गोष्ट, तीही लपवत नाही. बाबा गेल्याबरोबर मला मोकळं वाटलं. सावली होती, बोचकं खाली ठेवलं होतं, वेणी ओढायला कुणी नव्हतं. मी रस्त्यावरचे पाच गोल खडे वेचले आणि सागरगोटे खेळायला बसले. एक वर, चार खाली. झेल. आयनं छबीला मांडीवर घेऊन पदरानं वारा घालायला सुरुवात केली. मग म्हणाली, "कुसे, बघ गो, पोर कशी करते." मी म्हटलं, "थांब आय, डाव संपू दे." माझा डाव चांगला चालला होता. आयनं पुन्हा हाक मारली. मी पुन्हा थांब म्हटलं. बाबांवर जो राग येतो त्यातला एक वाटा मी रोज माझ्यासाठी काढून ठेवते. तो याचा.

मग आय किंचाळली. छबीचे डोळे वर गेले होते, मुठी आवळल्या होत्या, आणि तिचं अंग धनुष्यासारखं ताणलं होतं. आकडी. मला तेव्हा ती मेलीच वाटली. "पाणी आण! कुठून पन आण!" आय ओरडली, आणि मी खडे फेकून धावले. कुठं, हे ठाऊक नव्हतं. टेकाडावर धूर दिसत होता म्हणून तिकडं. तुटक्या चपलेचा जोडही कुठंतरी पडला. काटे टोचले असतील, आठवत नाहीत. वर पाच-सहा कुडाची घरं होती, एक कुत्रं अंगावर आलं, आणि अंगणात मोहाची फुलं पसरत एक बाई बसली होती. मला बोलताच येईना. मी खाली बोट दाखवलं आणि म्हटलं, "पाणी. छबी." एवढंच. कोणाची तू, कुठली, काय झालं, काही विचारलं नाही तिनं. घरात गेली, दारामागची भरलेली कळशी डोक्यावर घेतली, दोन कांदे ओच्यात टाकले आणि माझ्यापुढं धावत उतार उतरली. ती कळशी म्हणजे तिच्या घराचं त्या दिवसाचं पाणी होतं. कोरड्या ओढ्यात खड्डा खणून, वाटीवाटीनं झिरपेल तसं भरलेलं.

तिनं छबीचे कपडे काढले आणि डोक्यावरून पाणी सोडलं. पदर भिजवून अंग पुसलं, कांदा दगडानं ठेचून तळपायाला आणि छातीला चोळला. आय नुसती "माझी बाय, माझी बाय" म्हणत होती. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग छबीच्या मुठी सुटल्या. आणखी थोड्या वेळानं ती रडली. इतकी भसाडी, इतकी रागीट रडली की मी आयुष्यात त्याहून गोड काही ऐकलेलं नाही. ती सावध झाल्यावर त्या बाईनं चार-चार थेंब करून तिला पाणी पाजलं. मग आयकडं बघितलं. "आन् तू? तू कवापासून पेली नाय गो?" आयनं ओंजळ पुढं केली आणि प्यायली, आणि पिता पिता तिला रडू फुटलं.

"घरधनी कुठं?" बाईनं विचारलं.

"फुडं गेलं."

"पानी?"

"त्यांच्यापाशी."

बाई पळसाचं पान घेऊन छबीला वारा घालत राहिली. तिचं नाव सोमी. आयनं विचारून घेतलं.

ऊन कलल्यावर बैलगाडी आली. थोरला मामा हाकत होता, बाजूला बाबा. लग्नघरी पोचल्यावर मामानं विचारलं होतं, ताई कुठाय? बाबा म्हणाले, येतेय मागून. तासभर झाला तरी मागून कुणी येईना, तेव्हा मामानं बैल जुंपले आणि जावयाचा मान बाजूला ठेवून त्यांना गाडीत बसवून आणलं. दिनू मात्र हळदीच्या मांडवात लाडू खात बसला होता. बाबा उतरले, आमच्याकडं पाहिलं, इकडंतिकडं पाहिलं. आणि पहिला प्रश्न विचारला, "फणस कुठाय?"

"दिला," आय म्हणाली.

"कोनाला?"

"जिनं पानी दिलं तिला."

मामाला तोवर सगळं दिसलं होतं, ओली छबी, ठेचलेला कांदा, आयचा चेहरा. तो काही बोलणार होता, आयनं हातानं थांबवलं. ती उठली, बाबांच्या हातातून तांब्या घेतला, फिरकी उघडून पाहिलं. तो जवळजवळ भरलेला होता. कायदा पाळला होता त्यांनी, स्वतःही फारसं प्यायले नव्हते. मला वाटतं, ते अर्धा पिऊन आले असते तर आयला कमी राग आला असता. ती म्हणाली, "याच्या फुडं पोरींना घेऊन मी तुमच्या मागून चालायची नाय. मला यायचं तवा मी येईन, न्यायचं तवा मी नेईन." बाबा मामासमोर लाल झाले. महिनाभर आयशी बोलले नाहीत. त्या महिन्यात घरात जी शांतता होती ती आम्हा सगळ्यांना फार मानवली, आयचं तर वजनही वाढलं.

आणि तिनं शब्द पाळला. पुढं दर मेमध्ये ती आम्हा दोघींना घेऊन पहिल्या एस्टीनं निघायची, खिडकीजवळ बसायची, तांब्या मांडीवर. येताना-जाताना सोमीकडं थांबायची; छबीला ती आयची ओळखीची बाई एवढंच ठाऊक. सोमी वारली तेव्हा दहाव्यालाही गेली होती. बाबा एकटे घरी राहायचे आणि स्वतः भात करून करपवायचे. दुष्ट नव्हते ते, हे मला समजतं. त्या दिवशी त्यांच्याही पायांना फोड आले होते. पण वर्षभरातच त्यांनी ही गोष्ट हसून सांगायला सुरुवात केली. "मी भांडलो कंडक्टरशी, आन् रुसली ही! फणस घेऊन झाडाखाली बसली!" लोक हसायचे. आय वाढत असायची, वाढत राहायची. मी एकदा तिला चिडून विचारलं, तू सांगत का नाहीस खरं? ती म्हणाली, "हसू दे गो. माझी पोर जगली." तिचं तेवढ्यावर भागलं. माझं भागलं नाही.

बाबा गेले, मग आय गेली, पण फणस राहिला. तो दिनूनं चालवला. परवा त्याच्या धाकट्या मुलाचं लग्न झालं, हॉल त्याच म्हशाच्या रस्त्यावर. मी आणि छबी भाड्याच्या गाडीतून गेलो, काचा बंद, थंडगार. छबी आता स्वतः आजी आहे. त्या जागेवरून जाताना, आंबा नाही तिथं आता, मी तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. सांगताना तो डावही सांगावा लागला असता, हे एक. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं हसत होते ते माझ्याच आकडीवर?"

जेवणाआधी दिनूनं माइक घेतला. अपेक्षित होतंच. कंडक्टर आला, चोवीस किलो आले, बाबांचा आवाज आला, "आमी पन उतरू!" हॉल हसत होता. "आन् आमची आय रुसली! फणस घेऊन जी बसली झाडाखाली!" टाळ्या पडल्या. छबी खुर्चीतून उठली आणि थेट स्टेजपाशी गेली.

"दादा, पुढं सांग."

"पुढं काय?"

"आय बसली. मी तिच्या मांडीवर होते. पुढं माझं काय झालं?"

दिनू हसतच होता. "तुझं काय व्हायचंय? आमी पोचलो की लग्नाला." माइकमुळं ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुमी पोचला," छबी म्हणाली. "मी नव्हते पोचले."

दिनूचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागचं काहीतरी गेलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. छत्रीतून गेलेल्या माणसाला कोण कशाला सांगणार, आणि त्यानं कधी विचारलं नव्हतं. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. त्यानं माइक माझ्यापुढं धरला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "तू सांग."

मी माइक दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी सोमीपासून सुरुवात केली.